वांदरं खातात, पण कोणतं वांदर काय खातं? एकेका जनावराच्या खाण्याचा माग ठेवण्याची पद्धत

आंबिया बहाराच्या संत्र्यावर पिवळी झाक आली की परतवाड्याच्या आसपासच्या शिवारात एकच गाऱ्हाणं ऐकू येतं, "वांदरं बाग खाऊन राह्यले ना भाऊ!" गाऱ्हाणं खोटं नाही. पण बांधावर दुर्बीण घेऊन दोन तास गप्प बसलं की वेगळंच दिसतं. टोळीतली काही जनावरं बागेत उतरतात, काही बांधावरच्या हिवराच्या शेंगा सोलत बसतात आणि एखादी म्हातारी मादी कडुनिंबावरून हलतसुद्धा नाही. 'वांदरं' या एका शब्दात हे सगळे एकाच पंगतीला बसतात. ती पंगत मोडून प्रत्येकाचं ताट वेगळं कसं पाहायचं, ते इथे सांगतो. मी वानरांवरच शिकलो, त्यामुळे बहुतेक उदाहरणं त्यांचीच आहेत. बिबट्यासारख्या न दिसणाऱ्या जनावराकडे शेवटी येऊ.

एवढी उठाठेव कशाला? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर संशोधकांनी समुद्री पाणमांजरांच्या मागच्या पायांना रंगीत बिल्ले लावले आणि किनाऱ्यावर मोठ्या दुर्बिणी लावून प्रत्येक जनावर बुडी मारून काय वर आणतं ते वर्षानुवर्षं टिपलं. एकाच किनाऱ्यावर, एकाच पाण्यात एकीचा भर खेकड्यांवर होता, तर दुसरीचा समुद्री गोगलगाईंवर. आईची आवड लेकीत उतरलेलीही दिसली. सगळ्यांची सरासरी काढली असती तर 'पाणमांजर सगळं थोडं थोडं खातं' असं निघालं असतं, आणि ते त्यांच्यातल्या क्वचितच एखाद्याला लागू पडलं असतं.

आधी प्रश्न, मग दुर्बीण

'वानरांचा आहार' हा प्रश्न नाही, तो नुसता विषय झाला. वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात प्रश्न लिहा, आणि त्यात कोण, काय आणि कधी हे तिन्ही असू द्या. उदाहरणार्थ: 'डिसेंबर ते मार्च या काळात टोळीतल्या पाच प्रौढ माद्यांच्या खाण्याच्या वेळेत चिंचेचा वाटा सारखाच असतो का?' असं लिहिलं की बरीच कामं आपोआप गळून पडतात. पिल्लं, नर, रात्र, पावसाळा यांच्याकडे तूर्त पाहायचं नाही. पाच माद्या नीट पाहणं हे एका माणसाला आठवड्यातून दोन-तीन दिवसांत झेपणारं काम आहे. वीस जनावरांचा संकल्प करणारे दुसऱ्या महिन्यात वही बंद करतात. मीही एकदा केली आहे.

जागाही आधीच ठरवा. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात किंवा व्याघ्र प्रकल्पात अभ्यास करायचा तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. जनावर पकडणं, त्याला पट्टा लावणं, विष्ठा किंवा केस गोळा करणं यासाठीही आधी वन विभागाकडे जा, मग ते क्षेत्र कुठलंही असो. गावशिवारातली टोळी लांबून पाहायला असे अडथळे नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. मात्र शेतमालकाला सांगून बांधावर बसा. नाहीतर दुर्बीण घेऊन कोणी आपली तूर न्याहाळतंय हे पाहून तो आधी तुमचाच माग काढेल.

एक नियम मात्र कुठेही मोडायचा नाही. वानरांना काहीही खायला द्यायचं नाही. फुटाण्याची एक पुडी फोडली की पुढच्या महिन्याभराच्या नोंदी तुमच्या हाताच्या होतात, जनावराच्या राहत नाहीत. आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वन विभागाला आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. सिंधुदुर्गात २०१६ पासून गोचिडांमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. तिकडच्या मंडळींनी तर गोचिडांपासून स्वतःला जपूनच रानात शिरावं.

ओळख: या कामातला सगळ्यात लांब टप्पा

पहिले दोन ते तीन आठवडे खाण्याची एकही नोंद करायची नाही, फक्त तोंडओळख करायची. ऐकायला हे उधळपट्टीचं वाटतं, पण ओळख कच्ची असेल तर पुढची सगळी वही रद्दीत जाते.

वानर पाहताना मी कानापासून सुरू करतो. कानाची कड फाटलेली असते, टोक तुटलेलं असतं, एक कान दुसऱ्यापेक्षा बाहेर आलेला असतो. मग शेपटी. कुठे वाकडी, कुठे आखूड, कुठे टोकाचा झुपका गेलेला. त्यानंतर बोटं (विजेच्या तारांमुळे बोटं गेलेली जनावरं गावाजवळ बरीच दिसतात), ओठावरचे व्रण, भुवईच्या केसांची ठेवण आणि माद्यांमध्ये स्तनाग्रांची लांबी. रंगावर विसंबू नका. सकाळच्या उन्हात राखाडी दिसलेलं वानर संध्याकाळी पिवळसर दिसतं. पिल्लाचा रंग तर अजिबात धरू नये. जन्मतः ते काळपट असतं आणि काही महिन्यांत फिकट होतं.

प्रत्येक जनावरासाठी पोस्टकार्डाएवढं एक कार्ड करा. त्यावर डाव्या-उजव्या कानाचं साधं रेखाटन, चेहऱ्याचा समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो, आणि किमान तीन खुणा. तीन एवढ्यासाठी, की एक खूण केसांत लपते आणि दुसरी नवीन जखमेखाली जाते. हुप्प्या ओळखणं सोपं असतं. टोळीत एकच मोठा नर असेल तर तो आकारानेच कळतो. कस लागतो तो माद्यांना ओळखताना.

मग परीक्षा घ्यायची. वीस फोटो काढून फेटायचे आणि ज्याने ते काढले नाहीत अशा जोडीदारासह दोघांनी वेगवेगळं बसून नावं लिहायची. वीसपैकी अठरा जुळत नसतील तर आणखी आठवडाभर ओळखच चालू ठेवा. एकटे काम करत असाल तर आठ दिवसांनी स्वतःचेच फोटो उलटसुलट करून पुन्हा ओळखा. आपण स्वतःशी किती असहमत होतो हे पाहून धक्का बसतो.

नावाचं काय? जेन गुडॉल यांनी १९६० साली टांझानियातल्या गोंबेला चिंपांझींना नंबरांऐवजी नावं दिली, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पण त्याच वर्षी पांढऱ्या दाढीचा, त्यांनी डेव्हिड ग्रेबिअर्ड म्हटलेला नर मांस खाताना आणि गवताच्या काडीने वाळवी काढून खाताना दिसला. जनावर ओळखीचं होतं, म्हणून त्या नोंदींना वजन आलं. मी कार्डावर कोड लिहितो, 'मा१', 'मा२'. टोपणनावंही ठेवतो, पण फक्त शरीराच्या खुणांवरून, जसं कानतुटी, वाकडशेपटी. स्वभावावरून नाव ठेवू नका. एकीला आम्ही 'चोरटी' म्हणायला लागलो आणि महिन्याभराने वही चाळली तर बागेतल्या बारीकसारीक नोंदी तिच्याच नावावर जास्त. ती खरंच जास्त खात होती की आम्हीच तिच्याकडे जास्त पाहत होतो, ते आता कळायला मार्ग नाही. तो महिना बाद केला.

एका वेळी एकच जनावर

टोळीसमोर बसून 'जे दिसेल ते' लिहिणं ही सगळ्यात स्वाभाविक आणि सगळ्यात फसवी पद्धत. डोळा भडक गोष्टींकडे जातो. संत्रं हिसकावून पळणारं वानर लिहिलं जातं, अर्धा तास मुकाट पिंपळाची पानं ओरबाडणारं लिहिलं जात नाही. केनियात अंबोसेलीच्या बबून माकडांवर काम केलेल्या जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली 'बिहेव्हिअर' या नियतकालिकात निरीक्षणाच्या पद्धतींवर जो लेख लिहिला, त्यात हीच खोट दाखवून दिली. आज जगभर वापरली जाणारी पद्धत त्यातूनच रुळली. ठरवलेल्या वेळेपुरतं एकच जनावर धरायचं आणि ते जे करील ते लिहायचं, मग ते कितीही कंटाळवाणं असो.

ती पद्धत मी अशी वापरतो. दिवसाचे चार भाग करतो: उजाडल्यापासून नऊ, नऊ ते बारा, बारा ते तीन, तीन ते मावळेपर्यंत. प्रत्येक भागात पाचही माद्यांची पाळी यायला हवी. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, कारण मनाने ठरवला तर आपण समोर दिसणारीला आधी घेतो. एकीला सलग पंधरा मिनिटं पाहायचं. मोबाइल दर मिनिटाला थरथरेल असा लावायचा, आवाज नको. थरथर झाली की त्या क्षणाला ती काय करते तेवढंच टिपायचं. अलीकडचं-पलीकडचं नाही. 'आत्ताच तर खात होती' हा मोह आवरावा लागतो.

वहीतलं एक पान असं दिसतं:

१२ मार्च, मा३ (कानतुटी), सुरुवात ७:१०, झाड क्र. १४
७:१० खा, चिंच, चिगूर
७:११ खा, चिंच, चिगूर
७:१२ दिना
७:१३ चाल, झाड क्र. १४ ते १५
७:१४ खा, कडुनिंब, फूल
७:१५ बस

'दिना' म्हणजे दिसत नाही. हा कोड गाळायचा मोह सगळ्यांना होतो आणि तिथेच घोटाळा होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण सावरीच्या फुलांवर बसलेलं वानर पायाच्या नखापर्यंत दिसतं. तेच आंब्याच्या दाट डेऱ्यात शिरलं की फक्त फांद्या हलतात. 'दिना' मिनिटं फेकून दिलीत तर सावरीची फुलं आवडती ठरतील आणि आंब्याचा मोहर नावडता. म्हणून 'दिना' लिहिताना शेवटचं झाड कोणतं तेही लिहा, आणि महिन्याअखेरीस दर झाडामागे किती मिनिटं हरवली ते मोजा. ज्या झाडावर निम्मी मिनिटं हरवतात त्याच्याबद्दल ठाम बोलायचं नाही.

'खाणं' म्हणजे काय, हेही आधी वहीत लिहून ठेवा. तोडणं, तोंडात घालणं आणि चावणं, हे सगळं मी 'खा' धरतो. नुसतं फांदी ओढून वास घेणं म्हणजे 'शोध'. वानराच्या बाबतीत हे निभतं, कारण त्याच्या गालात पिशव्या नसतात. तोडलेलं तिथेच चावून गिळलं जातं. लालतोंड्या माकडाच्या गालात पिशव्या असतात. तो बागेत दोन मिनिटांत गाल भरतो आणि पन्नास पावलांवरच्या बाभळीवर बसून सावकाश चघळतो. त्याला वानराचा नियम लावलात तर तुमच्या वहीत तो बाभळीवर जेवतो. त्याच्यासाठी 'तोंडात घालणं' आणि 'चघळणं' असे दोन वेगळे कोड हवेत, आणि झाडाचं नाव पहिल्यापुढेच लिहायचं.

अंतराचं म्हणाल तर गावच्या टोळीपासून पंधरा-वीस मीटर पुरतात. रोज साधारण सारखेच कपडे घाला, बसून पाहा, डोळ्यांत डोळे घालू नका. हुप्प्या दात खाऊ लागला किंवा माद्या पिल्लं पोटाशी घेऊन तुमच्याकडे वळल्या की वही मिटा आणि मागे सरका. त्या पंधरा मिनिटांपुढे 'बिघडलं' असं लिहा. तुम्हाला घाबरून न खाणं हीसुद्धा नोंदच आहे, पण तिची गणती आहारात होत नाही.

झाडाचं नाव पुरत नाही

'चिंच खाल्ली' या नोंदीत काही हाती लागत नाही. चिगूर, जून पान, फूल, हिरवी चिंच, गाभुळलेली चिंच, चिंचोका आणि साल ही वानरासाठी सात वेगळी खाणी आहेत. त्याच्या पोटाच्या पुढच्या कप्प्यांत सूक्ष्मजीव पाला आंबवतात, म्हणून जून पानंही त्याला चालतात आणि पिकल्या फळापेक्षा कच्चं फळ किंवा बी ते पुष्कळदा पसंत करतं. आपण मात्र आपल्या जिभेने पाहतो आणि 'फळ खाल्लं' म्हणजे पिकलेलंच असं गृहीत धरतो.

म्हणून प्रत्येक फेरीनंतर टोळी पुढे गेली की त्या झाडाखाली जा. तिथे निम्मी उत्तरं पडलेली असतात. कधी पान टाकून नुसता देठ चावलेला सापडतो, कधी फळाचा गर फेकून बी नेलेलं असतं. वानर भलतं उधळं. मध्य भारताच्या जंगलात टोळीखाली चितळांचा कळप जमतो तो या सांडलेल्या पाल्यासाठीच. दुर्बिणीतून 'तोडलं' दिसलेलं सगळं पोटात गेलं असं समजू नका. तोडलेलं आणि टाकलेलं यांचा हिशेब वेगळा लिहा.

झाडं ओळखता येत नसतील तर त्यासाठीही वेळ काढा. गावातली गुरं वळणारी मंडळी आणि वैदू यांच्याइतके चांगले शिक्षक नाहीत. फक्त एकाच नावाची दोन झाडं आणि एकाच झाडाची दोन नावं असतात, एवढं ध्यानात ठेवा. पान, फूल, साल असा नमुना वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि त्यावर तुमचा झाड क्रमांक टाका. टोळीच्या फिरण्यातल्या झाडांना नंबर द्या. खिळे ठोकू नका, चुन्याचा ठिपका पुरतो.

यालाच जोडून एक काम आहे. ते नीरस आहे, म्हणून बहुतेक जण टाळतात. दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला ठरावीक झाडांपाशी जाऊन कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची आणि पिकली फळं यांना ० ते ४ गुण द्यायचे. काहीच नाही म्हणजे ०, डेरा भरून असेल तर ४. प्रत्येक जातीची शक्यतो दहा झाडं घ्या, आणि वानरं ज्याला तोंड लावत नाहीत अशा झाडांनाही यादीत घ्या. हा तक्ता नसेल तर 'आवडतं' हा शब्द वापरायचा अधिकार नाही. एप्रिलमध्ये सगळ्यांच्या वहीत मोहाची फुलं दिसतात ती आवडीमुळे की दुसरं काही नाही म्हणून, हे त्या तक्त्याशिवाय सांगता येत नाही.

वेळ म्हणजे पोटभर नव्हे

मिनिटांच्या नोंदी वेळ सांगतात, वजन नाही. हिवराची शेंग सोलून बी काढायला वेळ लागतो, चिगूर ओरबाडायला लागत नाही. दहा मिनिटांचं खाणं दोन्हीकडे सारखं नसतं. वजनाकडे जायचं असेल तर घास मोजावे लागतात.

तोंड स्पष्ट दिसत असेल तेव्हाच एक मिनिट धरा आणि हात-तोंडाच्या फेऱ्या मोजा. दर खाण्याच्या प्रकाराला, दर मादीला अशी निदान वीस-तीस मिनिटं जमवा. मग त्याच झाडाची, त्याच आकाराची शंभर पानं घेऊन सावलीत वाळवा. वजन दोन दिवस स्थिर राहिलं की ते लिहा. सोनाराचा काटा मिळाला तर उत्तम. समजण्यापुरते कल्पित आकडे घेऊ: मिनिटाला ८ घास, घासाला ३ पानं, शंभर सुक्या पानांचं वजन १२ ग्रॅम. म्हणजे मिनिटाला २४ पानं, २.८८ ग्रॅम. वीस मिनिटांत ५७.६ ग्रॅम. हा आकडा दशांशात आला म्हणून अचूक समजू नका. घासाला तीनऐवजी चार पानं धरली की तो एक तृतीयांशाने वाढतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी वजनाच्या फंदात पडूच नये. वेळेच्या नोंदी नीट झाल्या तरी पुष्कळ.

आकडेमोड

महिन्याअखेरीस प्रत्येक मादीमागे एकच आकडा काढा: चिंचेवर खातानाच्या नोंदी भागिले तिच्या खाण्याच्या सगळ्या नोंदी. मा३ च्या खाण्याच्या १२० नोंदींपैकी ५४ चिंचेवरच्या असतील तर ४५ टक्के. मा१ चे १० टक्के आले तर लगेच हुरळू नका. आधी पाहा, दोघींना सारख्याच वेळी पाहिलं होतं का. मा१ च्या पाळ्या दुपारी जास्त आल्या असतील तर तो फरक दुपारचा असेल, तिचा नसेल. मग पुढचे दोन महिने पाहा. फरक टिकला, म्हणजे मा३ प्रत्येक महिन्यात चिंचेकडे जास्त झुकली, तर ती तिची सवय म्हणता येते. एका महिन्याचा फरक पुष्कळदा एवढाच असतो, की तिला एक भरलेलं झाड सापडलं होतं.

चुका होतात त्या इथेच, शिकल्यासवरल्यांच्याही. पाच माद्यांच्या तीन हजार नोंदी म्हणजे तीन हजार पुरावे नव्हेत. कानतुटी ७:१० ला चिंचेवर होती, म्हणून ७:११ लाही होती. त्या दोन नोंदी एकमेकींना टेकून उभ्या आहेत. जनावरं पाच, म्हणजे पुरावे पाचच. त्या पाच आकड्यांवरून 'माद्या अमुक खातात' असं सगळ्या सातपुड्याबद्दल लिहू नका.

जे दिसतच नाही त्याचं काय

बिबट्या रात्री उसातून येतो, पायरीवरचं कुत्रं उचलतो आणि जातो. तिथे दुर्बीण कामाची नाही. मग चार वाटा उरतात आणि प्रत्येकीचा वेगळा आंधळेपणा आहे.

सगळ्यात जुनी वाट विष्ठेची. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या ऊसपट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात बिबट्याने खाल्लेल्या वजनाचा ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. त्यात कुत्री ३९ टक्के, मांजरं १५ टक्के आणि शेळ्या फक्त ११ टक्के. गावात तर कुत्र्यांपेक्षा शेळ्या कितीतरी जास्त. शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात, कुत्री मोकळी.

विष्ठा तपासण्याची रीत अशी. वन विभागाच्या परवानगीनेच, हातमोजे आणि तोंडावर फडकं बांधून ती उचलायची. त्यात जंतांची अंडी असतात आणि ती माणसाला बाधतात. कागदी पाकिटावर तारीख, जागा, लांबी-रुंदी लिहायची, कडकडीत वाळवायची, बारीक चाळणीत धुवायची. उरतात केस, हाडांचे तुकडे, नखं, खूर. एका विष्ठेतले किमान २० केस डोळे मिटून उचलायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या गाभ्याची नक्षी आणि वरच्या खवल्यांचा ठसा ओळखीच्या केसांशी ताडून पाहायचा. ठसा घ्यायला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर चालतो. त्यासाठी कुत्रा, शेळी, गाय, ससा, रानडुक्कर यांच्या केसांचा आपला संग्रह आधी तयार हवा.

केसांच्या नोंदी नुसत्या मोजल्या तर लहान भक्ष्य फुगतं. लहान जनावरात मांसाच्या मानाने केस जास्त, त्यामुळे तेवढ्याच मांसामागे विष्ठाही जास्त. प्यूमा या अमेरिकेतल्या मोठ्या रानमांजरावर १९८४ साली बसवलेलं एक सूत्र बिबट्यासाठीही वापरलं जात आलं आहे: एका विष्ठेमागे खाल्लेलं वजन = १.९८० + ०.०३५ × भक्ष्याचं वजन, दोन्ही किलोत. १८ किलोच्या कुत्र्यासाठी ते २.६१ किलो येतं, ५० किलोच्या चितळासाठी ३.७३. दोन किलोच्या आतल्या भक्ष्याला हे सूत्र लावत नाहीत, तिथे एक विष्ठा म्हणजे एक जनावर धरतात.

पण इतकं करूनही विष्ठा 'कोणाची' हे कळत नाही, आणि आपला प्रश्न तर तोच होता. ताज्या विष्ठेच्या वरच्या थरात आतड्यातल्या पेशी असतात. त्यांच्या डीएनएवरून प्रयोगशाळा एकेक बिबट्या वेगळा काढू शकते. त्यासाठी नमुना उन्हात न ठेवता लगेच सिलिका जेलमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये घालावा लागतो. दुसरी वाट कॅमेरा सापळ्याची, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची. अंगावरच्या ठिपक्यांची फुलं प्रत्येक बिबट्याची वेगळी असतात, म्हणून त्यानेही ओळख पटते. कॅमेरे मात्र वाटेच्या दोन्ही बाजूंना लावा. डावी कूस आणि उजवी कूस सारखी नसते, आणि एकच बाजू मिळाली तर एका बिबट्याचे दोन होतात.

तिसरी वाट जीपीएस पट्ट्याची. ती फक्त परवानगी असलेल्या संशोधकांची आणि पशुवैद्यकांची. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या 'आजोबा' बिबट्याला २००९ साली पट्टा लावून माळशेज घाटात सोडलं आणि तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. पट्टा 'कुठे' ते सांगतो, 'काय' ते सांगत नाही. 'काय' कळायला जिथे ठिकाणांच्या नोंदींचा पुंजका पडतो तिथे पायी जाऊन शिकारीचे अवशेष शोधतात. अमेरिकेत प्यूमावर ही रीत चांगली बसली, कारण हरीण मारून प्यूमा तिथे दिवसचे दिवस थांबतो. कुत्रं किंवा मांजर खाणारा गावचा बिबट्या थांबतो तो थोडाच वेळ, म्हणजे पुंजका पडतच नाही. नुसत्या पट्ट्यावर विसंबलात तर कालवड दिसेल, मांजर दिसणार नाही. पट्टा आणि विष्ठा जोडीनेच वापराव्यात.

चौथी वाट केसातल्या कार्बनची. केस वाढत जातो तसतसं त्या-त्या आठवड्यातल्या खाण्याची खूण त्यात राहते. ऊस, मका, ज्वारी या पिकांतल्या कार्बनची ठेवण झाडपाल्यापेक्षा वेगळी असते, त्यामुळे केनियात सांबुरूच्या हत्तींच्या शेपटीच्या केसांवरून त्यांच्या आहारातले बदल वाचता आले. आमच्या वांदरांना ही वाट निरुपयोगी आहे. संत्रं, तूर, कडुनिंब आणि चिंच ही चारही या मोजमापात एकाच गटात पडतात. तंत्र महागडं आहे म्हणून ते तुमच्या प्रश्नाला बसेलच असं नाही.

जनावर दिसेनासं झालं तर

वर्षभरात पाचपैकी एखादी मादी नाहीशी होतेच. विजेची तार, रस्ता, कुत्री, म्हातारपण, कारण बहुधा कळत नाही. कार्डावर ती शेवटची दिसली ती तारीख लिहा आणि त्यानंतर टोळी नीट मोजूनही ती दिसली नाही अशा फेऱ्या किती झाल्या तेही. तिचा कोड दुसरीला देऊ नका, मा५ रिकामा राहू द्या. आणि टोळीत नवा हुप्प्या शिरला तर तो दिवस लाल शाईने लिहा. लहान पिल्लं असलेल्या माद्या तेव्हा खाण्यापेक्षा पळण्यातच असतात. नवा नर पिल्लं मारू शकतो, म्हणून त्या टोळीच्या कडेला, उंच शेंड्यावर, मिळेल ते खातात. त्या आठवड्यांच्या नोंदी चालू ठेवा, पण वेगळ्या पानावर. पुढे कोणी विचारलं, की कानतुटीने मार्चअखेर चिंच का सोडली, तर त्या पानावर बोट ठेवता आलं पाहिजे.